बारा व्होल्ट

एकतीस वर्षं यांनी खांबावर काढली.
रबाळ्यापासून दिव्यापर्यंत कुठली तार कुठल्या घरात शिरते,
कुणाचा आकडा, कुणाचं मीटर झोपलेलं,
सगळं तोंडपाठ.
माझा वाढदिवस नाही.

निवृत्तीच्या पैशातनं ट्रेलर आणला,
तुर्भ्याच्या फॅब्रिकेटरकडनं. आधी आइस्क्रीमचा होता,
आत अजून व्हॅनिलाचा वास येतो.
सेक्रेटरी म्हणाले, मढवी, हे पार्किंगमध्ये चालायचं नाही.
हे म्हणाले, चालणारच, म्हणून तर चाकं आहेत.

मग दीड महिना जेवणाच्या टेबलावर
लाल वायर, काळी वायर, क्रिम्पिंगची पक्कड.
एकदा भातात फ्यूज निघाला.
"आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. सोडवताना उलट."
चार वेळा म्हणून दाखवलं,
जणू मीच विसरणार होते.
मी बचत गटाची खजिनदार. वही काढली.
जमा: तीनशे तीस वॅट, ऊन साडेचार तास,
त्यातनं धूळ-धूर वजा.
खर्च: फ्रिज, पंखा, दोन दिवे, यांचा रेडिओ.
हातावरच्या पोटाचा हिशोब मला नवा नव्हता.

पहिली रात्र लांब नको, म्हणाले.
खाडीकाठी उभं केलं,
जिथं सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं
आणि आता एक टॉवर पाय फाकून उभा आहे.
त्याच्यापासून मोजून साठ पावलं सोडली.
लाईनमन भीत नाही, अंतर ठेवतो.
वरून जाड तारा गुणगुणत जात होत्या
माणसं नसलेल्या थंडगार खोल्यांकडे,
जिथं म्हणे साऱ्या जगाचे फोटो ठेवतात.
खाली आमचे बारा व्होल्ट.

पॅनेल दक्षिणेला. हिवाळ्यात जरा जास्त उभं.
टेकू मिळेना, मी पोळपाट दिला.
तीनला टॉवरची सावली आली, बोटभर,
आणि आकडा एकदम निम्म्याखाली.
"एक सेल रुसला की सगळी ओळ गप्प."
मी म्हटलं, तुमच्या घरात तेच झालं होतं,
धाकटे भाऊजी जेवले नव्हते तेव्हा.
हे काही बोलले नाहीत.
पॅनेल दीड हात सरकवलं.

संध्याकाळी बॅटरी एक्केचाळीस टक्के.
फ्रिज की पंखा?
खाडीचे डास बघून फ्रिज बंद केला.
बोंबील खाऊन टाकले. दुधाचं सकाळी बघू.

साडेदहाला दारावर टकटक.
पलीकडच्या प्लॉटवरचा राखणदार, जव्हारकडचा, रुपेश धोडी.
त्याच्या साइटला कनेक्शन नाही अजून,
अर्ज केलाय म्हणतात.
"काका, फोनला पॉइंट मिळेल का?
बहिणीचं बाळंतपण आहे. कधीही फोन येईल."

एकतीस वर्षं यांचा एकच प्रश्न असायचा:
मीटर कुणाच्या नावावर?
त्यांनी ओठ हलवले, मी बघितलं.
मग रेडिओची पिन काढली.

मी वहीत लिहिलं, पंधरा वॅट-तास.
खर्चात धरायचं की उसनं,
ठरेना. रकाना रिकामा ठेवला.
दोनला पंखाही बंद केला यांनी, न विचारता.
आम्ही अंधारात एकमेकांचे डास मारत बसलो.

सात वीसला मला हलवलं. "ऊठ गो, बघ."
सूर्य पारसिकच्या मागेच अजून,
नुसता पांढरट उजेड, आणि पडद्यावर
शून्य पॉइंट दोन.
"आलं," म्हणाले, "काहीच नसताना आलं."
लग्नानंतर पहिल्यांदा
काही दाखवायला उठवलं मला.
इतके दिवस उठवायचे ते डब्यासाठी.

दूध नासलं होतं.
कोरा चहा केला, तीन कप.
तिसरा घेऊन गेले तर पोरगा
वाळूच्या गोण्यांवर गाढ झोपलेला,
छातीवर फोन, शंभर टक्के.
आमची बॅटरी एकवीस.
मुलगी झाली की मुलगा,
उठवून विचारावं का, कळेना.
कप तिथंच ठेवला,
वर बशी झाकून.